सायकलस्वाराचा हक्क आणि सायकलस्वाराची शिस्त

पुणें शहरास 'सायकलींचें शहर' म्हणण्याचा प्रघात अजून मोडलेला नाहीं. सायकली मात्र बऱ्याच मोडीत निघाल्या. ज्या काळीं कॉलेजचा विद्यार्थी, कचेरींतला कारकून, मास्तर, वकील आणि वकिलाचा पक्षकार हे सारे एकाच तऱ्हेच्या वाहनावर बसून लक्ष्मी रस्त्यानें जात, तो काळ गेला. विद्यार्थ्यानें स्कूटर घेतली, वकिलानें मोटार घेतली, आणि सायकल राहिली ती बहुतेक ज्यांस दुसरें कांहीं परवडत नाहीं त्यांच्यापाशीं. पहांटे दूध व वर्तमानपत्रें टाकणारीं मुलें, रात्रपाळी संपवून परतणारे पहारेकरी, बंगल्यांतले माळी, बांधकामावरचे गवंडी व बिगारी, दुकानांतले हरकामे नोकर, हा आजचा रोजचा सायकलस्वार होय. सुटीच्या दिवशीं सकाळीं शिरस्त्राण घालून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येणाऱ्या हौशी मंडळींविषयीं आम्हांस आदरच आहे. पण त्यांची काळजी घेण्यास ते स्वतः समर्थ आहेत. आम्ही लिहितों तें पोटासाठीं पायडल मारणाऱ्याविषयीं. आणि तो थोडाथोडका नाहीं. सन २०११ च्या खानेसुमारींत, शेती व घरगुती उद्योग सोडून इतर कामकऱ्यांस, कामावर कशानें जातां असें विचारलें असतां सबंध देशांत सुमारें १३ टक्के लोकांनीं सायकलीनें असें उत्तर दिलें. म्हणजे अडीच कोटींहून अधिक माणसें झालीं.

या माणसाविरुद्ध शहरांत जी तक्रार ऐकूं येते ती थोडक्यांत अशी, कीं तो उलट्या बाजूनें येतो, त्याच्या गाडीस दिवा नसतो, चौकांतला तांबडा सिग्नल त्यास दिसत नाहीं, आणि वळतांना तो हातही दाखवीत नाहीं. तक्रार करणारे बहुधा मोटारींत बसलेले असतात, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाहीं. ती पुष्कळ अंशीं खरी आहे. आणि खरी असल्यामुळेंच, सायकलस्वाराचा पक्ष घेणारानें ती झांकून न ठेवतां आधीं तीच हातीं घ्यावी, असें आम्हांस वाटतें. आपल्या कैफियतींतील लंगडा भाग जो वकील डोळ्याआड करतो, त्यास तो पुढें प्रतिपक्षाच्या तोंडून ऐकावा लागतो.

या सर्व दोषांत घातक दोष उलट्या बाजूनें जाण्याचा. तो केवळ आडदांडपणानें घडतो असें मात्र नव्हे. पुष्कळांची प्रामाणिक समजूत अशी आहे, कीं समोरून येणारी गाडी डोळ्यांस दिसते, पाठीमागून येणारी दिसत नाहीं, म्हणून उलट जाणें अधिक बिनधोक. पायीं चालणारास हें तत्त्व लागू आहे. पदपथ नसलेल्या रस्त्यानें त्यानें समोरून येणारीं वाहनें दिसतील अशा बाजूनेंच चालावें. पण पायीं चालणारा एका पावलांत बाजूस होऊं शकतो, सायकलवाला होऊं शकत नाहीं. शिवाय हिशेब करून पाहावा. सायकल तासीं १५ किलोमीटर व मोटार तासीं ४० किलोमीटर चालली आहे असें धरूं. दोघेही एकाच दिशेस असतील तर त्यांच्यांतील अंतर तासीं २५ च्या वेगानें कमी होतें; समोरासमोर असतील तर तासीं ५५ च्या. पन्नास मीटरांवरून एकमेकांस पाहिलें तर पहिल्या स्थितींत सुमारें सात सेकंद हातीं राहतात, दुसरींत सवातीन. सात सेकंदांत मोटारवाला ब्रेक लावूं शकतो किंवा उजवीकडे सरकूं शकतो. सवातीन सेकंदांत दोघांपैकीं एकानें काय करावें हें ठरण्यापूर्वींच धडक होते.

याहूनही मोठा धोका गल्लीच्या तोंडाशीं असतो. आपल्याकडे वाहतूक डाव्या बाजूनें चालते. म्हणून गल्लींतून मोठ्या रस्त्यावर डावीकडे वळणारा मनुष्य आपल्या उजव्या हाताकडे पाहतो, कारण गाड्या तिकडूनच येणार. त्याच क्षणीं कडेकडेनें उलट आलेला सायकलस्वार त्याच्या डाव्या हातास, नजरेच्या पूर्ण बाहेर असतो. येथें मोटारवाला सावध नव्हता असें म्हणतां येत नाहीं. तो जेथें सावध राहावयाचें तेथें सावध होता. आणि पुढें प्रकरण अपघात न्यायाधिकरणापुढें गेलें म्हणजे हीच गोष्ट जखमीच्या, किंवा त्याच्या विधवेच्या, गळ्याशीं येते. अपघातास त्याचा स्वतःचा निष्काळजीपणा कितपत कारण झाला तें ठरवून भरपाईची रक्कम तितक्या हिश्शानें कमी करण्याचा न्यायालयांचा शिरस्ता आहे, आणि उलट बाजूनें येणें यासारखा सोपा पुरावा विम्याच्या वकिलास दुसरा मिळत नाहीं.

हें सर्व खरें असलें तरी, तो उलट जातो कां, हाही प्रश्न विचारला पाहिजे. शिवाजी रस्ता, बाजीराव रस्ता, लक्ष्मी रस्ता, जंगली महाराज रस्ता, फर्ग्युसन कॉलेज रस्ता हे सारे एकदिशा मार्ग झाले ते मोटारींच्या सोयीसाठीं. मोटारवाल्यास एक किलोमीटरचा वळसा म्हणजे थोडें पेट्रोल. सायकलवाल्यास तो पायाच्या पोटऱ्यांनीं भरावा लागतो, आणि तोही पाठीमागें गॅसची टाकी किंवा दुधाचे कॅन असतां. नेदरलंड्स, बेल्जम वगैरे देशांत, एकदिशा रस्त्याच्या फलकाखालीं 'सायकली वगळून' अशी पाटी पुष्कळ ठिकाणीं असते. म्हणजे लहान, हळू वाहतुकीच्या रस्त्यावरून सायकलीस दोन्ही दिशांनीं जाण्याची कायदेशीर मुभा असते, आणि तिच्यासाठीं जमिनीवर पट्टा आंखलेला असतो. पेठांतील गल्ल्यांस हा उपाय लावून पाहण्यास रंगाच्या डब्यांपलीकडे फारसा खर्च नाहीं. ही मुभा मिळेपर्यंत मात्र आमचें सायकलस्वारास सांगणें स्पष्ट आहे: वळसा घ्या, नाहींतर खालीं उतरून सायकल हातांत धरून चाला. उतरून चालणारा पादचारी होतो, आणि पादचाऱ्यास एकदिशा नियम लागत नाहीं.

आतां दिव्याविषयीं. 'डबलसीट' आणि 'बिनबत्ती' हे दोन गुन्हे एके काळीं या शहरांत घरोघर ठाऊक होते. चौकांत पोलीस दिसतांच टुणकन् खालीं उतरून सायकल हातांत धरून चालणारा गृहस्थ हें पुण्याच्या संध्याकाळचें नेहमींचें चित्र होतें. पोलिसांचें तिकडचें लक्ष पुढें मोटारींकडे गेलें, आणि त्याबरोबर बत्तीही गेली. आज रस्त्यांवर विजेचे दिवे आहेत, मला दिसतें, मग दिवा कशाला, असें सायकलवाला म्हणतो. पण दिवा आपणांस दिसावें म्हणून नव्हे, आपण दिसावें म्हणून लावावयाचा असतो. समोरून येणाऱ्या मोटारीच्या झोतानें डोळे दिपलेल्या चालकास, रस्त्याच्या कडेनें काळपट कपड्यांत चाललेली सायकल अगदीं जवळ येईपर्यंत दिसत नाहीं. तासीं ३० किलोमीटर वेगानेंही गाडी एका सेकंदांत आठ मीटरांहून अधिक पुढें जाते. पाठीमागें लुकलुकणारा एक तांबडा दिवा, पुढें एक पांढरा दिवा, चिखलपंख्यावर प्रकाश परतविणारी पट्टी, एवढ्या साहित्यास सायकलीच्या एका टायराहून फार अधिक खर्च येत नाहीं.

कडेनें चालण्याविषयींही एक गैरसमज आहे. सायकलवाला भिऊन रस्त्याच्या अगदीं काठास चिकटतो. काठास काय असतें? गटारांच्या जाळ्या, वाळू, तुटका डांबराचा ओठ, आणि उभ्या मोटारी. उभ्या मोटारीचें दार अवचित उघडलें म्हणजे सायकलवाला दारावर आपटतो आणि मागून येणाऱ्या बसपुढें रस्त्यावर पडतो. म्हणून काठापासून व उभ्या गाड्यांपासून हातभर अंतर सोडून, सरळ रेषेंत, डावी-उजवी न करतां जाणें हें उद्धटपणाचें लक्षण नसून शहाणपणाचें आहे. तो अशा रीतीनें चालला म्हणजे मागचा मोटारवाला हॉर्न वाजवितो, वाजवो. हॉर्न वाजविला याचा अर्थ त्यानें आपणांस पाहिलें एवढाच घ्यावा. परंतु एक गोष्ट कधींही करूं नये. चौकांत बस किंवा ट्रक उभा असतां त्याच्या डाव्या बाजूनें पुढें घुसूं नये. त्या जागीं असलेला सायकलस्वार उंच बैठकीवरील चालकास आरशांतही दिसत नाहीं, आणि गाडी डावीकडे वळूं लागली म्हणजे तिचीं मागचीं चाकें पुढच्या चाकांहून आंतून, कठड्यास घांसून जातात. त्या अरुंद फटींतून निसटण्यास वाट उरत नाहीं. घरांतील मुलास सायकल घेऊन देणाऱ्या बापानें दुसरें कांहीं शिकविलें नाहीं तरी चालेल, एवढें शिकवावें.

सिग्नल तोडण्याचें समर्थन आम्ही करीत नाहीं. थांबून पुन्हां गति घेणें सायकलवाल्याच्या पायांस जड जातें हें कबूल. अमेरिकेंतील आयडाहो संस्थानानें तर १९८२ सालींच सायकलस्वारांस थांबण्याच्या पाटीपाशीं, वाट मोकळी असल्यास न थांबतां हळू पुढें जाण्याची कायद्यानें सवलत दिली. पण तो कायदा झाला. चौकाचौकांत ज्यानें त्यानें स्वतःपुरता कायदा करणें ही दुसरी गोष्ट. कानांत गाणीं घालून सायकल चालविणाऱ्यांविषयीं तर लिहिण्याचीही गरज नसावी. ज्याच्या वाहनास आरसा नाहीं, त्याचे कान हेच त्याचे पाठीमागचे डोळे.

येथवर आमचे मोटारवाले वाचक समाधानानें मान डोलवीत आले असतील. पुढें मात्र त्यांची पाळी आहे.

सायकल ही १९८८ च्या मोटारवाहन कायद्यांतील 'मोटारवाहन' नव्हे. तीस परवाना नाहीं, विमा नाहीं, आणि त्या कायद्यांतील शिरस्त्राणाचें कलमही तिच्या स्वारास लागत नाहीं. यावरून सायकलवाला कायद्याबाहेर आहे असें कित्येक समजतात. तो समज चुकीचा आहे. सार्वजनिक रस्त्यावर बेफामपणें वाहन हांकणें हा भारतीय न्यायसंहितेच्या २८१ व्या कलमाप्रमाणें गुन्हा आहे, आणि त्या कलमांत 'कोणतेंही वाहन' असे शब्द आहेत. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. हेंच पूर्वीच्या दंडसंहितेचें २७९ वें कलम. सायकलीनें एखाद्या वृद्धास पाडून त्याचा पाय मोडला, तर त्या वृद्धास अपघात न्यायाधिकरणाकडे जातां येत नाहीं, कारण तें मोटारवाहनांच्या अपघातांसाठीं आहे. त्याला साध्या दिवाणी न्यायालयाचा जिना चढावा लागतो, आणि हुकूमनामा झाला तरी वसूल कोणाकडून करणार हा प्रश्न उरतोच. म्हणून पदपथावरून सायकल दामटणारास आम्ही मोटारवाल्याइतकाच दोषी धरतों.

परंतु दोषाचें माप शक्तीच्या मापानें झालें पाहिजे. स्वारासह सायकलीचें वजन ८० किलो व वेग तासीं १५ किलोमीटर, मोटारीचें वजन १२०० किलो व वेग तासीं ५० किलोमीटर धरला, तर धडकेच्या वेळीं मोटारीच्या अंगचा जोर सायकलीच्या जोराच्या दीडशेंपटींहून अधिक भरतो. कारण वजन पंधरा पट, आणि वेगाचा परिणाम त्याच्या वर्गानें वाढतो. दोघांनीं सारखीच चूक केली तरी मरतो तो एकच, आणि कोण मरतो हें आधींच ठरलेलें असतें. सन २०२२ मध्यें या देशांत रस्त्यांवरील ४,६१,३१२ अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं, आणि त्यांतील दहांपैकीं सात मृत्यूंच्या कपाळीं सरकारी अहवालानें वाजवीपेक्षां जास्त वेग हेंच कारण लिहिलें आहे. तो वेग सायकलींचा नव्हता हें सांगावयास नको. सन २०२० मध्यें स्टॉकहोम येथें भरलेल्या जागतिक परिषदेनें, जेथें पादचारी, सायकली व मोटारी एकाच रस्त्यांत मिसळतात तेथें तासीं ३० किलोमीटरहून अधिक वेग असूं नये, असें जाहीर केलें. आमच्या पेठांस ही मर्यादा लावण्यास कोणतीही अडचण नाहीं. गर्दीच्या वेळीं मोटारी तिच्याहूनही हळूच चालतात, आणि ज्या पहांटे व रात्रीं त्या हळू चालत नाहींत, नेमके त्याच वेळीं दूधवाला व पहारेकरी रस्त्यावर असतात.

डच लोकांचें उदाहरण दिलें कीं आमच्याकडे लगेच उत्तर मिळतें, 'त्यांची गोष्ट वेगळी.' ती पूर्वीं वेगळी नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनींही आमच्याप्रमाणेंच सायकल टाकून मोटार धरली, आणि १९७१ सालीं त्या लहानशा देशांत रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसें मेलीं. त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. तेव्हां आईबाप रस्त्यावर उतरले, चळवळ झाली, आणि मग मार्ग आंखले गेले. कायदाही त्यांनीं त्याच न्यायानें ठेवला. मोटारीची व सायकलीची टक्कर झाली तर, आपणांस टाळणें सर्वस्वी अशक्य होतें असें सिद्ध केल्याशिवाय मोटारवाला भरपाईंतून सुटत नाहीं. चौदा वर्षांखालील मूल असेल तर बहुधा सुटतच नाहीं. आमच्या कायद्यानेंही या दिशेनें पाऊल टाकलें आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या १६४ व्या कलमानें, चूक कोणाची हें शाबीत न करतांही, मोटारीच्या मालकाकडून किंवा विमाकंपनीकडून मृत्यूबद्दल पांच लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मिळतात. ठोकर देऊन पळून गेलेली गाडी सांपडली नाहीं, तर सरकारी योजनेंतून अनुक्रमें दोन लाख व पन्नास हजार. किती बिगाऱ्यांच्या घरीं हें ठाऊक असतें?

'आधीं सायकलवाल्यांनीं शिस्त शिकावी, मग मार्ग मागावे', असें एक मत सुशिक्षितांत प्रचलित आहे. हा युक्तिवाद आम्हांस ओळखीचा वाटतो. आधीं लायक व्हा, मग हक्क मागा, हें इंग्रजी राज्यांत आमच्या बापजाद्यांस पुष्कळदां ऐकविण्यांत आलें, आणि त्यांनीं त्यास काय उत्तर दिलें हें शाळकरी मुलासही माहीत आहे. आधीं राजकीय कीं आधीं सामाजिक, या वादांत एकोणिसाव्या शतकांतील पुण्यानें किती शाई खर्चिली. सायकलीच्या बाबतींत तरी तो पुन्हां नको. शिस्त व मार्ग हीं एकमेकांच्या मागें उभीं राहून वाट पाहण्याजोगीं नाहींत. मोटारवाल्यांची शिस्त पाहून कोणी उड्डाणपूल बांधले नाहींत.

मार्गांची स्थिति काय आहे? सन २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानें रस्ते वाहनांसाठीं नसून माणसांसाठीं आहेत असें तत्त्व मान्य केलें. त्याच सालीं कात्रज-स्वारगेट-हडपसर हा जलद बसमार्ग येथें निघाला, व त्याच्या कडेनें सायकलमार्गही झाले. पुढें डिसेंबर २०१७ मध्यें महापालिकेच्या सभेनें सबंध शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. त्यांत आठशें किलोमीटरांहून अधिक लांबीचें जाळें दाखविलें आहे. कागदावर तें सुरेख दिसतें. रस्त्यावर जे तुकडे आहेत त्यांत कोठें विजेचा खांब, कोठें झाडाचा पार, कोठें बसथांबा, कोठें अचानक वीतभर उंचीचा कठडा. आणि जेथें यांपैकीं कांहीं नाहीं तेथें उभ्या केलेल्या स्कूटरी. मार्ग असून सायकलवाला त्यावरून जात नाहीं म्हणून त्यास बोल लावणारानें एकदां स्वतः त्या मार्गावरून शंभर पावलें जाऊन पाहावें.

आणि येथें आम्हांस आमच्या व्यापारी वाचकांशीं थोडें उघड बोलणें भाग आहे. खांब महापालिकेचा, झाड निसर्गाचें. पण दुकानापुढील सायकलमार्गावर उभी असलेली गाडी, उतरवून ठेवलेलीं खोकीं, पुढें काढलेली मांडणी हीं कोणाचीं? सायकलमार्गावर मोटारवाहन चालवूं नये असा नियम जुना आहे. तेथें तें उभें करून ठेवण्याचा परवाना त्यांतून निघत नाहीं. गिऱ्हाइकास गाडी लावण्यास जागा नसेल तर धंदा बसेल, ही व्यापाऱ्यांची भीति आम्ही हंसण्यावारीं नेत नाहीं. पण एका मोटारीच्या जागेंत आठ-दहा सायकली राहतात, आणि सायकलीवरचें गिऱ्हाईक रोज दारावरून जातें, रोज थांबूं शकतें, हाही हिशेब वहींत लिहावा. शिवाय तुमच्या दुकानाचें शटर सकाळीं उघडणारा मनुष्य बहुधा सायकलीवरूनच येतो. तो हडपसराहून किंवा धायरीहून वेळेवर व सबंध यावा अशी तुमची इच्छा असेल, तर त्याचा मार्ग दुसऱ्या एखाद्या दुकानदारानें अडविला आहे, आणि त्या दुकानदाराच्या माणसाचा तुम्हीं.

महापालिकेकडे आमचें मागणें मोठें नाहीं. आठशें किलोमीटर एकदम नकोत. एकच रस्ता घ्यावा, त्यावरील सायकलमार्ग या टोंकापासून त्या टोंकापर्यंत सलग करावा, चौकांत तो तुटूं देऊं नये, आणि एक वर्षभर त्यावर गाडी उभी करणाऱ्यांस रोज दंड करावा. रोज म्हणजे वर्तमानपत्रांत बातमी आली त्या आठवड्यापुरता नव्हे. पोलिसांनीं उलट येणाऱ्या सायकलवाल्यास अडवावें, पण त्याच जागीं उलट येणाऱ्या स्कूटरवाल्यास सोडून देऊं नये.

दिव्याच्या कामास मात्र महापालिकेचीही वाट पाहण्याचें कारण नाहीं. दसऱ्यास दुकानांतील तराजू, यंत्रें व गाड्या धुवून पुसून त्यांची पूजा होते, आणि बाहेर भिंतीस टेकलेल्या नोकराच्या सायकलीसही झेंडूची एक माळ मिळते. ज्या व्यापाऱ्याच्या दुकानीं चार माणसें सायकलीनें येतात, त्यानें यंदा त्या चार सायकलींस माळ घालण्यापूर्वीं मागें एक तांबडा व पुढें एक पांढरा दिवा बसवून द्यावा, आणि तो खर्च दुकानखर्चांत लिहावा.